हमखास उगवणाऱ्या बिया

टिचकी आत्याला 'तू' म्हणायची. बाबांना 'तू' म्हणायची. दूध टाकायला येणाऱ्या मिशाळ काकांनाही दार उघडून बिनधास्त विचारायची, "आज तू उशीर का केलास?" घरात आलेल्या नव्या बाईला मात्र ती 'तुम्ही' म्हणायची. तेही क्वचित. "तुमचा फोन वाजतोय." "तुम्ही माझ्या खुर्चीत बसलाय." बस्स, त्यापलीकडे शब्द नाही.

ही नवी बाई म्हणजे टिचकीच्या बाबांची दुसरी बायको. आत्या तिला वहिनी म्हणायची, जिन्यातले शेजारीपाजारीही वहिनीच म्हणायचे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिचं पहिल्यांदा लग्न झालं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होती आणि अजूनही बनवत होती. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे. त्यावरून ती प्लास्टरचा जबडा ओतायची, गुलाबी मेणाची हिरडी करायची आणि तिच्यात एकेक दात जागच्या जागी रोवायची. मेण ऐकेना तर गरम करायचं, दात उंच वाटला तर घासायचा. तिच्या हातून गेलेली कवळी सहसा परत यायची नाही. सगळे म्हणायचे, हाताला यश आहे.

पाच वर्षांची ही पोर मात्र तिच्या हाताला लागत नव्हती.

टिचकी रांगत होती तेव्हाच तिची आई आजारपणात गेली. तेव्हापासून बाबांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे आत्याने, तिला वाढवलं. बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. कुठे कोणी अडकलं की ताटावरून उठून पळायचे. त्यामुळे टिचकीचं न्हाणं, वेणी, ताप, रुसवे, सगळं आत्याकडे. आता आत्याला दुसऱ्या शहरात मुलींच्या वसतिगृहावर रेक्टरची नोकरी मिळाली होती. भावाचं घर मार्गी लागल्यावरच मी हलेन, असं म्हणून ती थांबली होती. घर मार्गी लागलं की नाही हे ठरवायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा वहिनीकडे वळायच्या. निदान वहिनीला तसं वाटायचं.

बालवाडीची सुट्टी लागली त्या दिवशी तिने तिथल्या बाईंना गाठून विचारलं, "माझ्याशी ती बोलतच नाही हो. काय करू?"

बाई हसल्या. "बोलायला लावायला जाऊच नका. दोघींनी मिळून काहीतरी हाताने करा. बिया उगवायला घाला घरी. ग्लास, कापूस, पाणी, झालं. एकदम सोपं असतं, आणि मुलांना हमखास आवडतं. उगवतंही हमखास."

हा 'हमखास' शब्द पुढे वहिनीच्या डोक्यात गेला.

पहिला प्रयोग जेवणाच्या टेबलावर झाला. वहिनीने राजम्याचे दाणे आदल्या रात्रीपासून भिजत घातले होते. एक उंच काचेचा ग्लास, ओला कापूस आणि काच यांच्यामध्ये दाणे सरकवायचे, म्हणजे मूळ कसं फुटतं, कोंब कसा वर येतो, सगळं बाहेरून दिसतं. लॅबमधला बारीक चिमटाही तिने मुद्दाम आणला होता. टिचकी आत्याच्या मांडीवर बसून बघत होती.

"तू लावतेस एक?" वहिनीने चिमटा पुढे केला.

टिचकीने चिमटा घेतला नाही. दाणा बोटाने उचलला, काचेशी दाबला आणि बोट आत्याच्या ओढणीला पुसलं. पण लावला तरी! वहिनीला तेवढ्यानेच हुरूप आला. दोघींनी मिळून, म्हणजे वहिनीने चार आणि टिचकीने एक असं करत, ग्लास भरला.

मग टिचकीने आत्याची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "तू कधी जाणार?"

आत्याने ओढणीचं टोक डोळ्यांशी नेलं. या प्रश्नाला उत्तर देताना तिला रडू यायचं, हे वहिनीला माहीत होतं. म्हणून तीच घाईघाईने म्हणाली, "अगं, इतक्यात कुठे! आधी या आपल्या बिया उगवतील, छान रोपं होतील, आणि मग आत्या जाईल. अजून खूप वेळ आहे."

आत्याने कृतज्ञतेने तिच्याकडे पाहिलं. टिचकीने ग्लासाकडे पाहिलं. आपण वेळेवर बरं सुचवलं, असं वाटून वहिनीने ग्लास खिडकीत नेऊन ठेवला.

राजमा टरारून फुगला. एका दाण्याची साल फाटलेली दिसली तेव्हा वहिनीने कामावर जाता जाता टिचकीला हाक मारली, "बघ बघ, आता मूळ बाहेर येणार!" टिचकी आली, बघितलं आणि निघून गेली. संध्याकाळी आणखी दोन दाण्यांची साल फाटली होती. पण मूळ काही दिसेना. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दाणे आपले तोंड उघडून बसलेले, जसं काही कोणी बोलता बोलता थांबावं. मग ते बुळबुळीत झाले आणि स्वयंपाकघरात असा काही वास सुटला की बाबा घरात शिरताच म्हणाले, "उंदीर मेलाय का कुठे?"

"राजमा मेलाय," वहिनी म्हणाली आणि ग्लास उचलून मोरीत रिकामा केला.

"पाणी जास्त झालं असेल गं."

"मोजून घातलं होतं."

"मग कमी झालं असेल." बाबांचं हे असंच. लिफ्ट बंद पडली तर ते तासन् तास शाफ्टमध्ये लोंबकळून बिघाड शोधायचे, पण घरातली कुठलीही अडचण 'जास्त नाहीतर कमी' आणि 'होईल हळूहळू' यांच्या पलीकडे जायची नाही.

वहिनीने हार मानली नाही. बियाणं जुनं असेल, असं धरून ती बाजारातून नवे वाल आणि मका घेऊन आली. दुकानदाराला तीनतीनदा विचारलं, "उगवेल ना नक्की?" तो वैतागून म्हणाला, "बाई, हे खिशात ठेवलं तरी उगवतं."

या वेळी पद्धत बदलली. पारदर्शक पिशवीत ओला कागदी रुमाल, त्यावर दाणे ओळीने मांडलेले, आणि पिशवी चिकटपट्टीने खिडकीच्या काचेला. टिचकीला दिसावी म्हणून मुद्दाम खाली लावली. टिचकीला तिने पाण्याचा फवारा मारायचं काम दिलं. टिचकीने फवारा मारला खरा, पण अर्धा रुमालावर आणि अर्धा वहिनीच्या चष्म्यावर. वहिनी हसली. टिचकी हसली नाही.

पुन्हा तेच. दाणे फुगले, साली फाटल्या आणि गाडं तिथेच अडलं. मक्याचे दोन दाणे तर पिशवीतून गायबच झाले. ओळ मांडताना आपलीच चूक झाली असेल, असं म्हणून वहिनीने सोडून दिलं.

आता मात्र तिचं डोकं फिरायला लागलं. लॅबमध्ये मेण वितळवताना तिच्या मनात वालाचे दाणे असायचे. शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्या मैत्रिणीला ती म्हणाली, "अगं, फरशीच्या फटीत पडलेलं बी उगवतं. भिंतीत उगवतं. गटाराच्या झाकणावर उगवतं. माझ्याच घरात काय झालंय त्याला?"

"तू सारखी बघत असशील त्याच्याकडे," मैत्रीण म्हणाली. "माणूससुद्धा लाजतं."

आत्याने सुचवलं, नळाच्या पाण्यात औषध असतं, उकळून गार करून घाल. वहिनीने ते केलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं, अंधारात ठेवा. तिने पिशवी कपाटात ठेवली, तिथे बुरशी आली. शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग उजेडात ठेवायची." वहिनीला त्याच्या टेपने त्याचीच मापं घ्यावीशी वाटली.

सगळ्यात वाईट हे होतं की, टिचकीला या अपयशाचं काहीच वाटत नव्हतं. उलट पिशवी कचऱ्यात गेली की ती खुशीत दिसायची. त्या दिवशी आत्याच्या मागे मागे उड्या मारत फिरायची, जेवायची नीट, गाणी म्हणायची. वहिनीने ते बघितलं आणि तिच्या मनात काहीतरी कडू उतरलं. माझं काही जमलं नाही की हिला आनंद होतो, असा तिने अर्थ लावला. दुसरा अर्थ तिला सुचला नाही.

तिसऱ्या खेपेला ती जिद्दीला पेटली. अंड्यांची टरफलं वरून अलगद फोडून, धुऊन, त्यांत कापूस भरला आणि मोहरी पेरली. टरफलांवर तोंडं काढायचं काम आत्याला दिलं, कारण आत्याचा हात चित्रात चांगला. एक टिचकी, एक बाबा, एक आत्या, एक वहिनी. मोहरी उगवली की सगळ्यांना हिरवे केस येणार. टिचकी पेन्सिलींचा डबा धरून शेजारी बसली होती. वहिनीचं अंडं रंगवताना आत्याने त्यावर चष्मा रेखला, तेव्हा टिचकी पहिल्यांदाच फिस्सकन हसली. "डोळे मोठे झालेत," ती आत्याच्या कानात म्हणाली. वहिनीने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

ही चार अंडी तिने आपल्या खोलीतल्या उंच फळीवर, खिडकीशेजारी ठेवली. तिथे कोणाचा धक्का लागणार नव्हता. आणि एका सकाळी फळीवर उजेड आला तेव्हा चारही डोक्यांवर हिरवी लव होती. बारीक पांढऱ्या देठांवर दोन दोन इवली पानं, सगळी खिडकीकडे मान करून उभी. बाबांच्या डोक्याला तर मध्ये टक्कल सोडून कडेनेच केस आले होते, हुबेहूब.

वहिनी अक्षरशः ओरडली. बाबा दाढीचा साबण तसाच घेऊन आले. आत्या आली. आत्याच्या कडेवर झोपेतली टिचकी आली.

"उगवलं!" वहिनी म्हणाली. तिने अंड्यांचा ट्रे खाली काढून टिचकीसमोर धरला. "बघ तुझे केस! बघ आत्याचे केस!"

टिचकीची झोप उडाली. तिने चारही अंडी बघितली. मग आत्याच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि काही केल्या वर काढेना.

"झोपेत आहे अजून," आत्या म्हणाली.

वहिनीचा उत्साह तेवढ्याने ओसरला नाही. दिवसभर लॅबमध्ये ती ज्याला त्याला फोनमधला फोटो दाखवत होती. संध्याकाळी जरा लवकरच निघाली. येताना तिने कात्री आणली, छोटीशी, बोथट टोकांची. टिचकीला हिरव्या केसांचा भांग पाडू द्यायचा, कापू द्यायचे, असं तिने ठरवलं होतं.

घरात आत्या फोनवर बोलत होती. वहिनी आपल्या खोलीत गेली. फळीखाली खुर्ची होती. खुर्चीवर उशी, उशीवर बाबांची पत्र्याची हत्यारपेटी. आणि पेटीवर टिचकी, चवड्यांवर उभी. चार अंड्यांपैकी तीन डोकी साफ झाली होती. चौथ्यातली मोहरी ती चिमटीत धरून उपटत होती, चपळाईने आणि नीट, जसं कोणी निवडण टिपावं. उपटलेलं सगळं ती खिडकीतून बाहेर टाकत होती.

वहिनीने तिला खाली ओढलं. पेटी कोसळली, पाने-स्क्रूड्रायव्हर फरशीभर विखुरले, एक अंडं फुटलं. त्या आवाजाने आत्या फोन ठेवून धावत आली.

"तू करत होतीस हे?" वहिनीचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "राजमा पण? ते वाल पण? सगळं तूच?"

टिचकीने चिमटीतली मोहरी पाठीमागे लपवली.

"बोल ना! मी रोज मरमर मरते, कुठून कुठून बिया आणते, लोकांना विचारत फिरते, आणि तू माझ्या पाठीमागे कोंब मोडून टाकतेस? काय वाईट केलंय मी तुझं? नसेन आवडत तर नसेन! पण बोल तरी! एकदा तोंड उघडून सांग तरी!"

"वहिनी, लहान आहे ती," आत्या मध्ये पडली.

"ताई, तुम्ही थांबा!" लग्न झाल्यापासून वहिनी आत्याला असं कधी बोलली नव्हती. आत्या थांबली.

टिचकीचा चेहरा लाल झाला होता. मग ती इतक्या मोठ्याने किंचाळली की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन बंद करून ऐकत राहिला.

"तूच म्हणालीस! तूच म्हणालीस की उगवलं की आत्या जाणार! तू मुद्दाम लावतेस! सारखं सारखं लावतेस! मी काढलं की परत लावतेस!"

आत्या मटकन पलंगावर बसली. वहिनीला आपण टेबलाशी बोललेलं वाक्य आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा तिला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे या पोरीच्या डोळ्यांसमोर आपण काय चालवलं होतं? एक ग्लास फसला की दुसरी पिशवी, पिशवी फसली की अंडी. आत्याला घालवायची इतकी घाई! आणि ही एवढीशी पोर, कोणाला काही न सांगता, एकटीच आपल्याशी लढत होती.

तिला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगायचं, त्याच्या जोडीला थोडी चरफडही झाली. इतके दिवस आपण समजत होतो की भांडण आपल्याशी आहे. भांडणातसुद्धा आपण नव्हतो. तिथेही आत्याच होती.

रात्री बाबा आले. सगळं ऐकून त्यांनी टिचकीला मांडीवर घेतलं आणि नेहमीच्या पद्धतीने मिटवायला गेले. "अगं वेडाबाई, एवढंच ना? मग आत्या जाणारच नाही! झालं?"

"अहो, असं सांगू नका," वहिनी म्हणाली.

"तात्पुरतं गं."

"तात्पुरतंच सांगितलं होतं मीपण." ती टिचकीसमोर खाली बसली. "टिचके, मी चुकीचं बोलले. बियांचा आणि आत्याचा काही संबंध नाही. बी उगवलं तरी आत्या जाणार आहे, आणि नाही उगवलं तरी जाणार आहे. तिला तिथे काम आहे."

टिचकीने बाबांच्या मांडीवरूनच लाथ झाडली. ती वहिनीच्या खांद्याला लागली. बाबा "ए!" म्हणून ओरडले. वहिनीने खांदा चोळला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. खरं बोलून आपण फार मोठं काही केलं, असं तिला मुळीच वाटलं नाही. लाथ जोरात लागली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. आता 'तुमचा फोन वाजतोय' एवढंही नाही. फोन वाजत असला तर टिचकी तो उशीखाली सारायची. आत्या कपडे भरायची आणि टिचकी ते बॅगेतून काढून कपाटात ठेवायची. आत्या रडायची आणि परत भरायची. एकदा आत्याच वहिनीजवळ येऊन म्हणाली, "मी कळवू का त्यांना, नाही जमत म्हणून?"

वहिनी कांदा चिरत होती. सुरी तशीच धरून तिने विचार केला. हो म्हणायला किती सोपं होतं! घर शांत झालं असतं. टिचकी हसली असती. आणि वहिनी त्या घरात कवळ्या बनवणारी एक पाहुणी बाई म्हणून म्हातारी झाली असती.

"ताई, तुम्हाला जायचंय की नाही?" तिने विचारलं.

आत्याने चिरलेला कांदा उगाच ताटलीत सारखा केला. "जायचंय," ती हळूच म्हणाली, गुन्हा केल्यासारखी. "मला वाटलं होतं हे सगळं आता माझ्या वाट्याला यायचंच नाही. स्वतःची खोली, स्वतःचं काम. जायचंय गं मला."

"मग जा."

आत्या गेली. टिचकी निरोप द्यायला दारातही आली नाही, पलंगाखाली जाऊन बसली. आत्याने वाकून हाका मारल्या, पापा मागितला, शेवटी रिक्षावाला भोंगा वाजवायला लागला तेव्हा डोळे पुसत जिना उतरली. बाबा तिला गाडीत बसवून द्यायला बरोबर गेले. घरात वहिनी आणि पलंग, आणि पलंगाखाली टिचकी.

वहिनी तिथेच फरशीवर बसली. पाय अवघडले तशी भिंतीला टेकली.

"उगवलेलं काहीच उरलं नव्हतं," पलंगाखालून आवाज आला.

"नव्हतं उरलं."

"तरी गेली."

"हो."

"तू खोटं बोललीस."

"हो."

"का?"

वहिनीने चष्मा काढून पदराने पुसला. "आत्याला रडू येत होतं. तुलाही आलं असतं. मला वाटलं, बियांची वाट बघताना बरं वाटेल."

"नाही वाटलं."

"कळलं मला."

मग टिचकी म्हणाली, "मला शू आलीय," आणि बाहेर येऊन, वहिनीच्या पायांवरून उडी मारून, न्हाणीघरात गेली.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं कोणी समजू नये. वेणी घालायची म्हणजे रोज महाभारत. आत्या मधला भांग पाडायची, वहिनीचा भांग तिरका जायचा. टिचकी आरशात बघून वेणी सोडून टाकायची. "तुला येतच नाही." घासघास करून दात जागेवर आणणाऱ्या त्या बाईला एक भांग सरळ पाडता येऊ नये, याचा तिला स्वतःलाच इतका राग यायचा की, एकदा तिने कंगवा खिडकीतून खाली फेकला. टिचकी डोळे विस्फारून बघत राहिली. शिंप्याने खालून विचारलं, "कंगवा कोणाचा?" दोघींनी खिडकीखाली डोकी लपवली. मग दोघीही चपला न घालताच तो आणायला खाली गेल्या.

एका सुट्टीच्या सकाळी टिचकी फडताळातून वाटाण्यांची बरणी घेऊन आली. "हे लाव."

वहिनीच्या कपाळावर आठी चढली. बियांचं नाव काढलं तरी तिला आता नको वाटायचं. "कशाला?"

"उगवलं की आत्या परत येईल."

हो म्हणावं, असं वहिनीला एक क्षणभर अगदी मनापासून वाटलं. पोरगी पहिल्यांदा आपण होऊन काहीतरी मागायला आली होती.

"नाही गं," ती म्हणाली. "आत्या तिला सुट्टी मिळाली की येईल. वाटाण्याला काय कळतंय?"

"मग उगवल्यावर काय होतं?"

"काही नाही. उगवतं, बस."

"एवढंच?"

"एवढंच."

टिचकीने बरणीकडे संशयाने बघितलं. हा सौदा तिला अगदीच बेकार वाटला असावा. खूप वेळ ती झाकणाची उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण चिमटा मी धरणार."

दोघींनी वाटाणे लावले. चिमट्यातून दाणा सटकून टेबलाखाली जायचा, टिचकी वहिनीवर ओरडायची, वहिनी म्हणायची हळू दाब, टिचकी म्हणायची दाबतेय ना. काचेशी सरकवलेले सगळे वाटाणे एका बाजूला गोळा झाले. कापूस मध्येच खाली बसला. वहिनीने दुरुस्त करायला हात घातला, तर टिचकीने हातावर चापट मारली. ग्लास अगदी गबाळा दिसत होता. लॅबमध्ये कोणी असं काम केलं असतं, तर वहिनीने परत पाठवलं असतं.

तो उगवला. सगळा नाही. दोन दाण्यांना बुरशी लागली, एक नुसताच फुगून राहिला. पण बाकीच्यांची मुळं काचेमागून खाली सरकताना स्पष्ट दिसायला लागली आणि आकड्यासारखा वाकलेला एक हिरवा कोंब कापसातून डोकं वर काढू लागला. टिचकी रोज उठल्या उठल्या जाऊन बघायची, पण वहिनीला हाक मारायची नाही. वहिनीही ती दात घासायला गेली की हळूच जाऊन बघायची.

रविवारी आत्याचा व्हिडिओ कॉल आला. टिचकी ग्लास फोनसमोर धरून सांगत होती, वहिनी गॅसपाशी उभी राहून ऐकत होती.

"अरे वा! कोणी लावले?" आत्याने विचारलं.

"मी. हिने पण लावले थोडे, पण हिचे सडले."

"माझे नाही सडले," वहिनी तिथूनच म्हणाली. "सडलेले तुझे आहेत. डावीकडचे."

"डावीकडचे तुझे!"

"मी लावले ना, मला माहीत नाही?"

"तुला काहीच माहीत नसतं! तू उलटे लावलेस. हे बघ आत्या, मूळ आधी वरच गेलं, मग वळून खाली आलं. हिने उलटा लावला म्हणून."

"वाटाण्याला उलटंसुलटं नसतं!"

"असतं!"

"वाटाणा गोल असतो, त्याला कुठलं आलंय उलटं?" वहिनी हातातला चमचा घेऊन टेबलापाशी आली. तिला खरोखरीचा राग आला होता. "आण तो ग्लास इकडे. दाखव कुठला."

फोनमधून आत्या हसत काहीतरी म्हणत होती, पण ते कोणालाच ऐकू गेलं नाही. दोघी ग्लासावर वाकून कुठला दाणा कोणाचा यावर हमरीतुमरीवर आल्या होत्या, आणि मागे गॅसवर दूध फेसाळत पातेल्याच्या काठापर्यंत चढलं होतं.